कोरीडोरस: इंदूरचं पाणी, इंदूरचा मे महिना आणि पिल्लं

जुनी_इंदूरकर

हा धागा फक्त कोरीडोरसचा (थोडक्यात कोरी, म्हणजे टाकीच्या तळाशी राहणारा मिशांचा छोटा कॅटफिश), आणि तोही इंदुरात राहून पाळणाऱ्यांसाठी. मुंबई-पुण्याच्या धाग्यांवरचे आकडे इथे जसेच्या तसे चालत नाहीत. 'आमच्या टाकीत असं झालं' हे गप्पांच्या धाग्यावर लिहा, इथे मापं, कृती आणि कारणं हवीत.

सुरुवात मी करते. कोरी कोणती घ्यायची हे रंगावरून नाही, उन्हाळ्यावरून ठरवा.

दुकानात सर्रास मिळते ती ब्रॉन्झ (एनियस) आणि तिचीच लाल डोळ्यांची अल्बिनो. हिला २२ ते २६ अंश आवडतं, थोडे दिवस २९-३० झालं तरी हवा भरपूर असेल तर निभावते. स्टरबाय सर्वांत उष्णतासह, २४ ते २८ तिचं घरचंच तापमान. पेपर्ड (पॅलियाटस) दक्षिण अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या, तुलनेनं थंड नद्यांमधली. तिला १८ ते २३ हवं. पांडाही थंडाईवाली, २० ते २५. वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली टाकी असेल तर पेपर्ड आणि पांडा घेऊच नका. मे महिन्यात त्या खोलीतलं पाणी ३१-३२ वर जातं आणि त्या रोज थोड्या थोड्या खचत जातात.

सहाच्या खाली घेऊ नका, आणि सहाही एकाच जातीच्या. दोन ब्रॉन्झ, दोन पांडा, दोन स्टरबाय असं भेळ करून आणलं तर सगळ्याच बुजून कोपऱ्यात बसतात.

गुलाबी, निळ्या, हिरव्या कोऱ्या दिसल्या तर पुढे चला. तो रंग सुईनं टोचलेला असतो. काही महिन्यांत उतरतो, तोवर मासा टिकला तर.

तळ्यात_मळ्यात

धागा उत्तम. टाकीचं माप सांगाल का? दुकानदार दीड फुटीत सहा आरामात राहतात म्हणतोय. आणि या टाकी साफ ठेवतात ना? म्हणजे वेगळं खाणं नको?

बुडबुडा

दुकानदाराला टाकी विकायची आहे. २ × १ × १ फूट घ्या. काठोकाठ भरली तर ५६ लिटर, प्रत्यक्षात वाळू आणि वरची मोकळी जागा सोडून ४५ धरा. उंची वाढवून फायदा नाही, कोरीला तळ हवा. त्याच पैशात ३ फूट लांबीची बुटकी टाकी मिळत असेल तर ती घ्या.

काठोकाठ भरूही नका. वर दोन बोटं हवा सोडा आणि झाकण ठेवा. कोरी मधूनच सुर्रकन वर येते, हवेचा घोट घेते आणि परत खाली जाते. ती हवा आतड्यातून शोषली जाते, जन्मजात सोय आहे ती. तासात एक-दोन वेळा झालं तर घाबरू नका. पण सगळ्या जणी दर मिनिटाला वर येऊ लागल्या तर पाण्यातला प्राणवायू कमी पडलाय, किंवा विष्ठेतून-घाणीतून येणाऱ्या अमोनियानं कल्ले भाजलेत. पृष्ठभाग पिस्टियासारख्या तरंगत्या वनस्पतीनं गच्च झाकला तर हा घोट घ्यायलाच जागा उरत नाही.

साफसफाईचं म्हणाल तर तो गैरसमज आहे. त्या शेवाळ खात नाहीत, विष्ठा तर नाहीच नाही. वरच्या माशांनी सोडलेल्या चुऱ्यावर ठेवलं की हळूहळू पोटं आत जातात. बुडणारी गोळी द्या, दिवे मालवल्यावर, सहा माशांना दहा-पंधरा मिनिटांत संपेल इतकीच. सकाळी वाळूवर गोळी फुगून पडलेली दिसली तर प्रमाण निम्मं करा.

टिटवी

अवांतर, पण गरजेचं: तळ साफ करायला म्हणून जो सकर फिश देतात तो पुढे फूटभराचा होतो. मग लोक त्याला पिशवीत घालून सिरपूर तलावात सोडून येतात. सिरपूर आणि यशवंत सागर दोन्ही २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहेत. हा मासा तिथे तग धरतो, काठ पोखरतो, स्थानिक माशांचं खाणं पळवतो. कोरीसुद्धा सोडायची नाही. नको असेल तर दुकानात परत द्या नाहीतर इथे टाका, कुणीतरी नेईल.

तळ्यात_मळ्यात

टिटवीताई, बुडबुडाराव, आभार. वाळू कोणती? बांधकामाची चालेल?

टिटवी

चालेल, पण नदीची बारीक, प्लास्टरला वापरतात ती. खडी दळून केलेली क्रश सँड नको, तिचे कण धारदार असतात. कोरी तोंड वाळूत खुपसते, वाळू आत घेते आणि कल्ल्यांतून मागे सोडते. धारदार कणांनी तोंड आणि मिशा खरचटतात आणि तिथून जिवाणू शिरतात.

२ फुटी टाकीत ३ सेंटीमीटर थराला साडेपाच लिटर वाळू लागते, म्हणजे साधारण साडेआठ किलो. चाळून-धुवून घट येते म्हणून १० किलो आणा. आधी मैद्याच्या चाळणीतून धूळ काढा, मग रव्याच्या चाळणीनं खडे. बादलीत अर्धी वाळू घेऊन नळ सोडा, हात घालून ढवळा, गढूळ पाणी ओता. दहा-बारा वेळा करावं लागतं. पाणी ताकासारखं आहे तोवर थांबू नका.

चुनखडी आहे का ते बघायचं असेल तर मूठभर वाळूवर संडास साफ करायच्या ॲसिडचे चार थेंब टाका. फसफसलं तर त्यात शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडी आहे. ती पाणी आणखी जड करेल. (तपासलेली मूठ फेकून द्या, परत पोत्यात नको.)

मात्र मिशा झडल्या म्हणजे वाळूचाच दोष, असंही नाही. बहुतेक वेळा तळातली घाण हे कारण असतं. मऊ वाळूतही आठवड्याला बोट फिरवलं नाही आणि वरची विष्ठा सायफननं ओढली नाही तर मिशा झडतातच. स्वच्छ ठेवलं तर अर्धवट झडलेल्या परत येतात, मुळापासून गेलेल्या येत नाहीत.

बोरिंगवाला

आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, बाकी बोरिंग. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटर बोरिंगला ६०० दाखवतो. एनियस जगेल का? आणि पिल्लं?

जुनी_इंदूरकर

जगेल. दुकानातली एनियस पिढ्यानपिढ्या शेततळ्यात वाढलेली असते, जड पाणी तिला नवं नाही. अंडीही घालेल. पण ६०० च्या पाण्यात त्यांतली बरीच पांढरी पडतील. पिल्लं काढायची तर २०० च्या आसपास आणा.

गणित सोपं आहे. आरओचं पाणी ३० धरलं तर ३ भाग बोरिंग आणि ७ भाग आरओ मिळून २०० येतं. पण आधी आरओच्या नळाखाली मीटर धरून बघा. घरच्या बऱ्याच मशिनींत थोडं कच्चं पाणी परत मिसळायचा स्क्रू असतो, त्यामुळे ३० च्या जागी १२० निघतं आणि सगळा हिशोब चुकतो. शिवाय टीडीएस म्हणजे जडपणा नव्हे, त्यात मीठही मोजलं जातं. जडपणा आणि क्षारता मोजणारा थेंबांचा जीएच-केएच किट एकदा तरी वापरा.

जलूदहून येणारं नर्मदेचं पाणी या कामाला बोरिंगपेक्षा खूप बरं, फक्त क्लोरीन काढायचं. बादलीत एअरस्टोन लावून २४ तास, नाहीतर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. १० ग्रॅम खडे १०० मिली पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवा, १० लिटरला १ मिली. बाटली अंधारात ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी नवी करा.

नवीन पाणी एकदम बदलू नका. ६०० वरून २०० वर यायला दोन-तीन आठवडे घ्या, दर वेळी चौथा हिस्सा पाणी.

शेवाळ

जोडतो. बोरिंगच्या पाण्याचा पीएच बहुधा ८ च्या आसपास असतो, आणि नव्या टाकीत हेच नडतं. पीएच ७ आणि २५ अंशांना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. तोच पीएच ८ आणि ३० अंशांना सात टक्क्यांच्या वर जातो. किटवरचा रंग तोच, मासे मात्र मरतात. म्हणून उन्हाळ्यात नवी टाकी लावून चौथ्या दिवशी कोऱ्या सोडणं म्हणजे त्यांचा बळीच. स्पंज फिल्टर चार ते सहा आठवडे चालवा, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात बसतात. चालू टाकीतला जुना स्पंज मिळाला तर नव्याच्या शेजारी ठेवा, काम निम्म्या वेळात होतं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, नायट्रेट २० च्या खाली, मगच मासे.

स्पंज टाकीतल्या काढलेल्या पाण्यात पिळा, नळाखाली नाही.

तळ्यात_मळ्यात

आणि उन्हाळा? चिलर परवडणारा नाही.

बुडबुडा

पंखा. साधा टेबलफॅन किंवा कॉम्प्युटरचे दोन छोटे पंखे पृष्ठभागावर तिरके लावा, झाकणाऐवजी मच्छरदाणीची जाळी ताणा. आपल्याकडे मेमध्ये हवा कोरडी, त्यामुळे बाष्पीभवन जोरात होऊन २-३ अंश सहज उतरतात. कूलरचंच तत्त्व. जुलैत हवा दमट झाली की हाच पंखा काही करत नाही, पण तोवर उष्माही गेलेला असतो.

यात एक मेख आहे. पाणी उडतं, क्षार मागेच राहतात. २ फुटी टाकीत दिवसाला एक सेंटीमीटर उतरलं म्हणजे जवळजवळ दोन लिटर गेले. ते बोरिंगच्या पाण्यानं भरत राहिलात तर महिन्याभरात टीडीएस दुपटीकडे जातो. उडालेलं पाणी आरओनंच भरायचं. बदलायचं पाणी वेगळं, भरायचं वेगळं, हे डोक्यात पक्कं ठेवा.

बर्फाच्या बाटल्या नकोत. दुपारी ३ अंश खाली, संध्याकाळी परत वर, असा झोका ३१ अंशांच्या स्थिर पाण्यापेक्षा वाईट. माळव्यातल्या रात्री मेमध्येही बऱ्यापैकी गार होतात. रात्री खिडक्या उघडा, सकाळी नऊला पडदे ओढा, टाकीचा दिवा सकाळी लवकर नाहीतर रात्री लावा.

२५ अंशांच्या पाण्यात जास्तीत जास्त ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू प्रतिलिटर राहू शकतो, ३२ ला ७.३. त्यात उष्णतेनं माशाचा श्वास वाढलेला असतो. म्हणून त्या दिवसांत खाणं निम्मं आणि हवा दुप्पट. वीज जाते त्यासाठी पॉवरबँकवर चालणारा छोटा यूएसबी पंप ठेवा. एअरपंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगा, किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलटं पंपात आणि तिथून बोर्डात.

जुनी_इंदूरकर

तळमजल्यावर, उत्तरेच्या खोलीत, पंखा लावून पेपर्ड उन्हाळ्यातून निघते असं काहींचं म्हणणं आहे. निघते, पण पिल्लं द्यायच्या स्थितीत राहत नाही. पेपर्डचा आपल्याकडचा खरा मोसम डिसेंबर-जानेवारी, तेही हीटरशिवाय. हीच ती कोरी जिचे नमुने डार्विननं बीगल जहाजाच्या सफरीत गोळा केले होते, १८४२ मध्ये निसर्गअभ्यासक जेनिन्सनं तिचं वर्णन छापलं.

शेवाळ

नावं मात्र आता बदलली आहेत. २०२४ मध्ये कोरीडोरस या एका वंशाचे अनेक तुकडे केले गेले. एनियस आता ऑस्टिओगॅस्टर, आणि पेपर्ड, पांडा, स्टरबाय हॉप्लिसोमा. दुकानात जुनंच नाव मागा.

टिटवी

आता पिल्लांकडे येऊ, पावसाळा तोंडावर आहे.

नर-मादी ओळखायला टाकी वरून बघा, समोरून नाही. मादी मोठी आणि छातीच्या मागे रुंद, नर सडपातळ. मादीचे पोटाखालचे पर (फिन) गोलसर, नराचे टोकदार. एका मादीला दोन नर हे प्रमाण चांगलं. सहा घेतल्या असतील तर दोन माद्या आणि चार नर आले की नशीब. लहान पिल्लांत हे कळत नाही, वर्षाच्या आसपास वयात येतात.

दोन आठवडे खुराक. गोठवलेला ब्लडवर्म (लाल अळ्या), जिवंत मोइना (पाण्यातले बारीक पिसू), आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव), दिवसातून दोनदा, थोडं थोडं. नाल्यातला ट्युबिफेक्स (चिखलातले बारीक लाल किडे) नको, त्याबरोबर रोग येतो. घ्यायचाच तर तीन-चार दिवस थेंब थेंब वाहत्या पाण्यात ठेवून मगच. डासांच्या अळ्या कोऱ्या आवडीनं खातात, पण अळ्यांसाठी गच्चीवर बादली उघडी ठेवू नका, डेंग्यू आधी घरच्यांनाच होईल. मादीचं पोट भरून तिरकं दिसू लागलं की तयार.

आता खोटा पाऊस. आठ-दहा दिवस पाणी बदलू नका, पातळी थोडी उतरू द्या, तापमान २८ पर्यंत जाऊ द्या. मग एका संध्याकाळी निम्मं पाणी काढून तितकंच मऊ आणि गार पाणी भरा. टाकीत २८ चं २० लिटर उरलंय आणि २२ चं २० लिटर घातलंत तर २५ येतं. ३ अंशांची घसरण पुरते, ५ च्या पुढे जाऊ नका. बारीक धारेनं, अर्ध्या तासात. हवा जोरात सोडा, पाणी तळाशी वाहतं राहिलं पाहिजे. काही झालं नाही तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परत.

२२ चं पाणी आणायचं कुठून? गच्चीवरच्या टंकीचं जूनमध्ये टाकीपेक्षा गरम असतं, ते दुपारी घातलंत तर सगळं उलटं. माठ वापरा. आरओचं पाणी रात्री माठात भरून खिडकीत ठेवा, पहाटे काढा. कोरड्या हवेत ते आपोआप गार होतं. नवा माठ आधी तीन-चार दिवस पाण्यानं भरून ओतून काढा. हवा दमटली की माठ काम करत नाही, मग फ्रिजमधलं पाणी मिसळून थर्मामीटरनं २२ करा.

आणि खरा पाऊस चुकवू नका. जूनच्या उत्तरार्धात ढग दाटून हवेचा दाब पडतो, त्या दिवसांत कोऱ्या आपणहून धावपळ सुरू करतात. त्याच संध्याकाळी पाणी बदला.

बोरिंगवाला

माठ! हे सुचलंच नव्हतं. अंडी घालताना नेमकं काय दिसतं? कळणार कसं?

टिटवी

आधी काचेवर वर-खाली धावाधाव. नर मादीच्या डोक्यावर मिशा घासत मागे लागतात. मग एक नर आडवा होतो, मादी त्याच्या पोटाशी तोंड लावते, इंग्रजी टी अक्षरासारखी. काही सेकंद दोघं गप्प थरथरतात. त्या वेळी मादी शुक्रजल तोंडानं घेते, ते तिच्या पोटातून जाऊन मागे बाहेर पडतं. १९९५ मध्ये जपानी संशोधकांनी एनियसवर हे रंग वापरून दाखवलं. त्याच वेळी तिनं पोटाखालचे दोन पर जोडून ओंजळ केलेली असते, तीत दोन-चार, कधी जास्त अंडी. मग ती काचेपाशी जाते, एक जागा तोंडानं घासून साफ करते आणि अंडी दाबून चिकटवते. परत नराकडे. तासन् तास हेच. एनियसची मोठी मादी एका खेपेला शंभर ते तीनशे अंडी घालते, बहुतेक फिल्टरच्या झोताजवळ काचेवर.

संपलं की त्या स्वतःच अंडी खायला सुरुवात करतात. टेट्रा असतील तर ते आधी.

तळ्यात_मळ्यात

लगेच काढायची का?

शेवाळ

लगेच नाही. ताजं अंडं मऊ असतं, फुटतं. दोन-तीन तास थांबा, तोवर कडक होतात. मग स्वच्छ ओल्या बोटानं काचेवरून घरंगळवा, बोटालाच चिकटतात. नाहीतर जुनं प्लास्टिक कार्ड तिरकं सरकवा. अंडी एकमेकांवर ढीग करून ठेवू नका, एकाची बुरशी सगळ्यांना लागते.

डबा दोन-तीन लिटरचा, पाणी त्याच टाकीतलं, डबा टाकीतच तरंगता ठेवा म्हणजे तापमान तेच राहतं. एअरस्टोनचे बुडबुडे अंड्यांच्या बाजूनं जाऊ द्या, खालून नको. मिथिलीन ब्लू १ टक्क्याचं असेल तर ५ लिटरला १ मिली, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम. बाटलीवरची तीव्रता आधी वाचा, सगळ्या सारख्या नसतात.

दोन दिवसांत फलित अंडं मधाच्या रंगाचं होतं, आत काळे ठिपके, म्हणजे डोळे, दिसतात. दुधासारखं पांढरं झालं ते गेलं, ड्रॉपरनं उचला, सकाळ-संध्याकाळ. २६ अंशांना तीन-चार दिवसांत फुटतात, २२-२३ ला पाच-सहा. फुटायला लागली की निळं पाणी थोडं थोडं करून बदला, पिल्लांना ते नको.

बुडबुडा

मिथिलीन ब्लूशी असहमत. देशी बदामाचं वाळलेलं पान उकळून गार केलेलं पाणी, चहाच्या रंगाचं, आणि चार-पाच चेरी कोळंब्या. कोळंब्या मेलेली अंडी खातात आणि चांगल्यांवरची बुरशी साफ करतात, चांगली अंडी सोडून देतात.

शेवाळ

उपाशी असल्या तर चांगलीही उचलतात. पान चालेल, पण ७० टक्के अंडी निरोगी असतील तेव्हा. पहिल्या खेपेला अर्धी पांढरी निघतात, तिथे पान पुरत नाही. ज्याला जे जमतं ते करा, हा वाद दर पावसाळ्यात होतो.

जुनी_इंदूरकर

पिल्लांचं मी लिहिते, कारण अंड्यांतून पिल्लं काढणारे पुष्कळ आणि पिल्लं वाढवणारे थोडे.

पहिले दोन दिवस पोटाची पिशवी पुरते, काही घालू नका. नंतर दिवसातून तीनदा, मायक्रोवर्म (डोळ्यांना जेमतेम दिसणारे पांढरे जंत) किंवा ताजा आर्टेमिया. उकडलेल्या अंड्याचं पिवळं बलक घालायचा सल्ला देतात, तो टाळा. थेंबभरानं पाणी नासतं आणि पिल्लं तळाशी राहत असल्यानं पहिला मार त्यांनाच.

मायक्रोवर्मसाठी ओट्स शिजवून घट्ट लापशी करा, गार करून झाकणाच्या डब्यात एक-दीड सेंटीमीटर पसरा, वर चिमूटभर यीस्ट आणि चमचाभर जुनं विरजण, म्हणजे दुसऱ्याकडचं चालू मायक्रोवर्म. झाकणाला टाचणीनं भोकं. आठवड्यात डब्याच्या भिंतींवर पांढरी जाळी चढते, ती बोटानं पुसून डब्यात बुडवा. वास आंबटावरून कुजका झाला की नवीन लावा. ३० अंशांच्या वर हे पटकन बसतं, म्हणून दोन डबे आणि तेही घरातल्या गार कोपऱ्यात. अंडी दिसल्यावर लावायला गेलात तर उशीर झाला, खुराक सुरू कराल तेव्हाच लावा.

आर्टेमिया असा: १ लिटर पाणी, २५ ग्रॅम खडे मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा, १ ग्रॅम आर्टेमियाची अंडी, कोल्ड्रिंकची उलटी कापलेली बाटली, खालपर्यंत हवेची नळी, वर दिवा. २६-२८ अंशांना २४ तासांत नारिंगी ढग दिसतो. हवा बंद करा, दहा मिनिटांत टरफलं वर आणि पिल्लं खाली. खालून ओढून घ्या, जुन्या सुती रुमालातून गोड्या पाण्यानं धुवा. टरफलं आत गेली तर कोरीच्या पिल्लांच्या पोटात अडकतात.

रोज चौथा ते तिसरा हिस्सा पाणी बदला. हवेच्या नळीच्या टोकाला स्पंजचा तुकडा लावा म्हणजे पिल्लं ओढली जात नाहीत. मरतात ती बहुतेक पहिल्या तीन आठवड्यांत. कारण एकच, तळावर बसलेला चिकट थर. उघड्या काचेवर हा थर लवकर धरतो, म्हणून दाणाभर जाडीची वाळू पसरा.

शेवाळ

मी उघड्याच तळाच्या बाजूनं. घाण दिसते, दिसली की ओढता येते. वाळूत लपते.

जुनी_इंदूरकर

रोज दोनदा तळ पुसायची तयारी असेल तर उघडा ठेवा. एक वेळ चुकली की वाळूवाल्यांची पिल्लं वाचतात.

बोरिंगवाला

पोटावर लाल चट्टे आणि एका कोपऱ्यात बसून आहे, असं मोठ्या कोरीत दिसलं तर?

टिटवी

आधी अमोनिया-नायट्राइट मोजा, औषध नंतर. बहुतेक वेळा घाणीनं कातडीखाली रक्त उतरलेलं असतं. दोन दिवस लागोपाठ ३०-३० टक्के पाणी बदला, तळ ओढा, खाणं बंद. तिसऱ्या दिवशी फरक नाही तर वेगळ्या टाकीत जिवाणूवरचं औषध.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. तांबं असलेली औषधं कोरीला सोसत नाहीत, पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावरच्या औषधाच्या बाटलीवर कॉपर लिहिलंय का बघा आणि असेल तर दुसरी घ्या. दुसरं, ठिपक्यांसाठी तापमान ३० करायचा उपाय स्टरबायला चालतो, पेपर्ड-पांडाला त्याच उपायानं माराल.

तळ्यात_मळ्यात

शेवटचं. दुकानातून आणताना जाळी वापरायची ना?

बुडबुडा

कोरीला जाळी नको. छातीच्या परामधला पहिला काटा ती उघडून अडकवते, जाळीत गुंतला की ओढून निघत नाही. प्लास्टिकच्या वाडग्यात हाकलून घ्या. गुंतलीच तर जाळी कापा, काटा नाही. हातात शिरला तर मधमाशीसारखी आग होते, सोसेल इतक्या गरम पाण्यात बोट धरा.

घाबरलेली कोरी पाण्यात विषारी स्राव सोडते, बंद पिशवीत तीच आणि तिच्या शेजारणी मरतात. म्हणून पिशवी मोठी, तीत दोन किंवा तीनच. पाण्याला फेस धरला तर लगेच पाणी बदला, घरी पोचायची वाट बघू नका. कोणाला द्यायच्या असतील तर आदल्या दिवसापासून उपाशी ठेवा. पिशवीत पिशवी, मध्ये वर्तमानपत्राचा कागद, आणि दोन्ही टोकांचे कोपरे दुमडून चिकटपट्टी, कारण कोरी कोपऱ्यात शिरून काट्यानं भोक पाडते. पाव हिस्सा पाणी, बाकी हवा. अडीच-तीन महिन्यांची, इंचभराची पिल्लं असतील तर एका पिशवीत सहा-आठ चालतात.

बोरिंगवाला

माझ्याकडे मायक्रोवर्मचं विरजण जास्तीचं आहे. ज्यांना हवं त्यांनी व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा, डबा स्वतःचा आणा.